तुराजीरावांच्या वेगळ्या ताटाची बखर

॥ श्री ॥

ज्या स्वामींचे निशाणावर कोंबडा बसोन आरवतो त्या कार्तिकस्वामींस आधी नमन, आणि जीस आपल्या लेकराचे पोट भरले ऐसे कधीच वाटत नाही त्या आदिमायेस त्याहून दोन बोटे अधिक वाकोन नमन. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सर, आषाढमास चालत असता, दोरीवरील लंगोट तिसरे दिवशीही न वाळता, जे वर्तमान जाहले ते ऐसे. आज्ञा जाहली की अंडी देणाऱ्या कोंबड्यांसंगे कोंबडा नांदत असता त्यास खावयास काय घालावे, याविषयी दौलतीत जो घोळ माजला त्याची हकीकत साद्यंत लिहावी, काही लपवू नये, पदरचे घालू नये. त्यास, लपविले काही नाही. पदरचे थोडे आहे.

एक दौलत होती. नाव सांगावयाची परवानगी नाही. पूर्वेस माडांची रांग, पश्चिमेस खाडी, उत्तरेस शेजाऱ्यांचा फणस, ज्याची पाने आपले अंगणात आणि फणस त्यांचे अंगणात पडत, दक्षिणेस न्हाणीघर, आणि मध्ये तारेच्या जाळीचा कोट. कोटात सात बाया अंडी देणाऱ्या. त्यांत ठिपकाबाई म्हणोन एक होती ती मुख्य, तोंडाळ, रोज अंडे देई आणि दिल्याचे चार घरांस ऐकवी. आणि या सातांवर खासे तुराजीराव, शिरी तांबडा तुरा, शेपटीस हिरवी-काळी झाक, चाल ऐसी की जणो अंगण त्यांनीच सारविले. राज्याचे महाराज दर्यावर मोठ्या बोटीत चाकरीस, सहा महिने मोहिमेवर. मागे कारभार दोघींचे हाती. थोरल्या आईसाहेब सुमतीबाई, ज्यांचा आवाज बंदरापर्यंत जाई, आणि त्यांच्या सूनबाई वृंदाबाईसाहेब, ज्यांनी कॉलेजात रसायनशास्त्र घेवोन पदवी संपादिली, आणि ते सर्व शास्त्र आता एका लेकरावर खर्ची घातले. लेकराने शिंक दिली तरी बाईसाहेब चौकशी करीत, न दिली तरी चौकशी करीत. पाणी दोनदा उकळीत आणि तिसरे वेळी संशय घेत.

ते लेकरू म्हणजे कन्या रेवाबाई, वय अडीच वर्षे, बांधा बारीक, मान वळविण्यात तरबेज. रेवाबाईंचे ठायी एकच दोष, तो हा की जेवीत नसत. चिऊचा घास काढला तर तो चिऊनेच न्यावा, काऊचा काऊने, यात आपला संबंध काय, ऐसा त्यांचा न्याय. वजनाचा काटा हलेना, आणि वृंदाबाईसाहेबांचे काळीज मात्र हले. मग एके दिवशी पडवीत बसोन भात भरविता भरविता चार शिते खाली सांडली, तो तुराजीराव आले आणि एक शीत उचलोन गिळले. रेवाबाईंनी पाहिले, हसल्या, आणि आपण होवोन तोंड उघडिले. तेव्हापासोन तह ठरला, की आधी तुराजीरावांनी टिपावे, मग रेवाबाईंनी खावे. त्यांनी एक, यांनी एक. त्या तहावर तीन महिने दौलत चालली, आणि काटाही थोडा सरकला. वृंदाबाईसाहेब कोंबड्यास अहोजाहो करू लागल्या ते तेव्हापासोन.

ऐसे बरे चालले असता आषाढ लागला, आणि एके सकाळी तुराजीराव लंगडू लागले. एक पाय टेकिती, दुसरा उचलोन धरिती, घोटे सुजलेले, तुरा फिका पडला. आरवले तेही बसोन, अर्धेच, जणो पुढील शब्द आठवेना. पडवीत आले नाहीत. शिते तैसीच पडली आणि रेवाबाईंनी ओठ मिटिले. तेव्हा आईसाहेब कमरेवर हात देवोन कोटापाशी उभ्या राहिल्या आणि बोलत्या जाहल्या,

"बसलाय म्हणजे मेल्याचं भरलंय. गटारी आलीच आहे तोंडावर. हर्षदराव यायचेत, जावई माणूस, त्यांना काय दुधीची भाजी घालायची?"

"आई, अहो तो आजारी आहे!"

"म्हणून तर. आणखी आजारी पडला तर कुत्रंही विचारायचं नाही त्याला."

"आणि रेवा? तो गेला तर तिच्या घशाखाली शीत उतरायचं नाही."

"आम्ही काय कोंबडे दाखवून पोरं वाढवली गो? तुझा नवरा तर गवताचा भारा दिला तर तोही खाईल."

वृंदाबाईसाहेबांचे डोळे भरले, ते आईसाहेबांनी पाहिले, आणि त्या मनाच्या वाईट नव्हत्या, आवाजाच्या होत्या. मग दोघींत करार जाहला. अमावास्येस जावई येतील, त्या दिवसापर्यंत तुराजीराव दोन पायांवर उभे राहोन, उंच जागी चढोन, पुरते आरवले तर जीवदान, नाही तर रस्सा. दर्यावरील महाराजांस मोबाईलवर वर्तमान कळविले, की कोंबड्यास खावयास काय द्यावे याची फिकीर पडली आहे. तिकडून उत्तर आले, "कोंबडा खाणार आहे की आपण कोंबडा खाणार आहोत, ते आधी नक्की सांग." यावर बाईसाहेबांनी एक दिवस अबोला धरिला, जो रेंज नसल्याने महाराजांस कळलाच नाही.

मग वृंदाबाईसाहेबांनी तुराजीरावांस बाजाराचे पिशवीत घातले, मुंडी बाहेर ठेविली, रेवाबाईंस कडेवर घेतले, आणि स्वारी जनावरांचे दवाखान्यास निघाली. वाटेत लोक मुजरे करीत ते कोणास करीत हे अखेरपर्यंत समजले नाही. दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी पाय दाबोन पाहिला आणि पुसले,

"खायला काय घालता?"

"चांगलंच घालते हो. लेयर. अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं असतं ना, गोणीतलं. सगळ्यांना तेच. वर्ष होत आलं."

"मग हा अंडी देतो का?"

"कोण, तुराजीराव? नाही."

"तर मग ताई, त्यातलं कॅल्शियम ह्यानं करायचं काय? कोंबडीला कवच घडवायचं असतं, म्हणून त्या खाद्यात चुनखडी ठासून भरलेली. ह्याला कवच नाही, काही नाही. तो सगळा भार मूत्रपिंडावर, मग सांधे सुजतात. अजून हाताबाहेर गेलेलं नाही. खाद्य बदला, स्वच्छ पाणी भरपूर ठेवा. आणि हो, ह्याला प्रोटीनही बायांइतकं नको."

हे ऐकोन वृंदाबाईसाहेबांनी पिशवी उराशी धरिली. रसायनशास्त्रात पदवी असता, कॅल्शियम म्हणजे काय हे झोपेतही सांगत असता, आपण एका बाप्या माणसास वर्षभर बाळंतिणीचे लाडू चारिले, ऐसे त्यांस वाटले आणि कानकोंडे जाहले. घरी येतायेता त्यांनी पिशवीतल्या मुंडीस दोनदा "सॉरी" म्हटले. आणि मग घाईत जी मसलत केली ती चुकली. डॉक्टरीणबाई खाद्य बदला म्हणाल्या, यांनी एकट्याचे बदलिले. तुराजीरावांचे ताट वेगळे काढिले. नाचणी, तांदळाची कणी, थोडा भरडलेला मका, वर चिरलेला माठ, ऐसा थाट, आणि स्टीलची नवी वाटी, जी रेवाबाईंचे बारशास आली होती.

वाटी कोटात ठेविली. तुराजीराव लंगडत आले. वृंदाबाईसाहेब श्वास रोखोन उभ्या, रेवाबाई भाताचा घास समोर असता तोंड मिटोन उभ्या. तुराजीरावांनी वाटीत पाहिले. एक दाणा उचलिला, खाली ठेविला, पुनः उचलिला, मान वरखाली केली, आणि "कुट् कुट् कुट् कुट्" ऐसा पुकारा केला. तो सातही बाया, आपली गोणीतली न्याहारी टाकोन, पदर खोचल्यासारख्या धावल्या आणि वाटी पुसोन साफ केली. तुराजीराव छाती काढोन पाहात राहिले, खुद्द एक दाणा घेतला नाही. सर्वांचे आटोपल्यावर मग बायांचे उरलेले ते लेयर हळूच टिपिले. म्हणजे ज्याचे पथ्य त्याने अपथ्य खाल्ले, आणि जीस पथ्य नको तिने पथ्य ओरपिले, आणि रेवाबाईंनी तर काहीच खाल्ले नाही.

दुसरे दिवशी वृंदाबाईसाहेबांनी तुराजीरावांस वेताचे डालग्याखाली झाकिले, वाटी आत ठेविली, वरती पाटा ठेविला. आत कुट् कुट् सुरू जाहले. सात बाया डालग्याभोवती गोल बसल्या, आणि तुराजीराव एकेक दाणा वेताचे फटीतून चोचीने बाहेर सरकवू लागले. ठिपकाबाई दोनदा रांगेत शिरली. आईसाहेब न्हाणीघराचे दारातून पाहात होत्या त्यांस हसू आवरेना.

"अगो वृंदे, हा तर अगदी तुझा भाऊ शोभतो!"

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांना हाका मारमारून वाढायचं आणि आपण शेवटी पातेलं खरवडायचं. सकाळपासून काय खाल्लंस तू?"

"खाल्लं की. रेवाचा उरलेला..."

"रेवाचा म्हणजे कोंबड्याचा. ऐका!"

तिसरे दिवशी बायांस कोंडिले आणि तुराजीरावांस मोकळे सोडिले. तर हे वाटी सोडोन खुराड्याचे दारापाशी उभे, दारास चोच मारिती, आतोन सात गळे, बाहेरोन एक, ऐसा कल्लोळ की शेजारीण कुंपणावरोन विचारती जाहली, "घरात कोणाचं लग्न आहे का?" आणि याहून वाईट ते पुढे जाहले. रेवाबाई हे सर्व रोज पाहात होत्या. चौथे दिवशी वरणभाताचे ताटलीपुढे बसोन त्यांनी एक घास उचलिला, खाली ठेविला, मान वरखाली केली, आणि "कुट् कुट् कुट्" ऐसा पुकारा करोन तो घास आजीचे तोंडात दिला. पुढचा बाहुलीस दिला. त्यापुढचा उंबऱ्यास चिकटविला. आणि छाती काढोन उभ्या राहिल्या. वृंदाबाईसाहेबांनी कपाळास हात लाविला. कोंबड्यास माणसाप्रमाणे वाढावे म्हणता माणूस कोंबडा जाहले. काट्यावर उभे केले तर काटा मागे फिरलेला. त्या दिवशी बाईसाहेब मोरीपाशी उभ्या राहोन, नळ सोडोन, थोडे रडल्या, आणि नळ बंद करोन पुनः कामास लागल्या.

इतकियात सातव्या-आठव्या दिवशी आईसाहेबांनी खुराड्यात हात घातला आणि किंचाळल्या. हाती अंडे आले ते मऊ, कवचाविना, पाण्याने भरल्या फुग्याप्रमाणे लिबलिबते.

"हे काय गो घातलंय बयेनं? अंडं की जेलीफिश?"

बाया तुराजीरावांची नाचणी-कणी खावोन तृप्त, गोणीतले चुनखडीचे खाद्य हुंगीत नव्हत्या, त्यामुळे कवचास सामान पुरेना. सर्व खापर सूनबाईंवर आले, आणि आईसाहेबांनी मसाला वाटावयाचा म्हणोन खोबरे किसोन ठेविले, तेही सूनबाईंस दिसेल ऐसे. अमावास्या जवळ आली. तुराजीराव अद्याप एका पायावर.

आता येथे ध्यान द्यावे. त्याच दुपारी पावसाने उघडीप दिली, म्हणोन वृंदाबाईसाहेबांनी सर्व लष्कर कोटाबाहेर सोडिले आणि आपण पायरीवर बसल्या, मांडीवर रेवाबाई, हातात नको असलेला भात. नजर मात्र चौफेर. त्या नजरेस पडले की ठिपकाबाई थेट तुळशीवृंदावनापाशी गेली आणि चुन्याचा पोपडा सोलोन खावो लागली. मागोमाग दुसरी, तिसरी. सातही बाया वृंदावनास लागल्या, जणो तेथे प्रसाद वाटीत आहेत. आणि तुराजीराव? तुराजीराव तेथेच उभे. चुन्याकडे पाहिले, चोच लाविली, झटकिली, पुसली, आणि तोंड फिरविले. पुकाराही केला नाही.

"आई! इकडे या, लवकर!"

"काय, गेला का?"

"नाही हो! बघा ना, चुना फक्त बायकाच खातायत. हा शिवतही नाही!"

"माझं वृंदावन खातायत आणि तू टाळ्या काय पिटतेस!"

परंतु वृंदाबाईसाहेब उठोन नाचो लागल्या, रेवाबाई कडेवर उसळो लागल्या, भात सांडला तो सांडला. कारण मसलत पुरती उलटी होती हे त्यांस त्या क्षणी उमगले. कोंबड्याचे ताट वेगळे काढावयाचेच नव्हते. वेगळा काढावयाचा तो चुना! ताट सर्वांस एक, साधे, चुनखडी न घातलेले, आणि कवचाचे सामान बाजूस निराळ्या भांड्यात. जीस गरज ती जाईल, ज्यास गरज नाही तो जाणार नाही. लगोलग दवाखान्यास फोन जाहला, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, तेच तर! ग्रोअर, म्हणजे वाढत्या पिलांचं साधं खाद्य, तेच आणा सगळ्यांना, आणि शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवा. मी तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तुम्ही त्याला सॉरी म्हणत निघून गेलात."

ग्रोअरची गोण दुकानातून आली. शिंपले कोठोन आणावे हा प्रश्न पडला, तो आईसाहेबांनीच सोडविला, कारण वृंदावन वाचविणे त्यांसही अगत्याचे होते. खाडीवरोन तिसऱ्या आणविल्या, कालवण केले, घरात वास दरवळला, आणि रिकामे शिंपले सुनेपुढे ओतले. "घे. कूट." वृंदाबाईसाहेबांनी ते उकळिले, दोनदा, आणि तिसरे वेळी उकळू लागल्या तेव्हा आईसाहेबांनी गॅस बंद केला. ऊन नव्हते म्हणोन तव्यावर कोरडे केले, आणि पाट्यावर वरवंट्याने ठेचोन जाडसर चुरा केला. कोटात तीन भांडी मांडिली. एक मोठे, ग्रोअरचे. एक पाण्याचे. एक छोटे, शिंपल्यांचे, बारशाची वाटी.

तुराजीराव आले. मोठे भांड्यात पाहिले. दाणा उचलिला, ठेविला, आणि पुकारा केला, "कुट् कुट् कुट्!" बायांनी माना वर केल्या. आपल्यासमोर तेच, त्यांच्यासमोर तेच. मग कशास धावावे? ठिपकाबाईने तर पाठच फिरविली. तुराजीरावांनी पुनः पुकारिले. कोणी येईना. इकडे पाहिले, तिकडे पाहिले, पंख झटकिले, आणि मग, सभ्य माणूस आग्रह करोन थकल्यावर जैसा बसतो तैसे, स्वतः जेवू लागले. पोटभर जेवले. शिंपल्यांचे वाटीस मात्र चोचही लाविली नाही, आणि बाया येता-जाता तेथोन चिमूटभर घेवोन जात, पानपट्टीवर थांबल्यासारख्या. ते पाहोन रेवाबाईंनी आ केला. वृंदाबाईसाहेबांनी घाईने घास पुढे केला, तो अर्धा नाकास लागला, तरी आत गेला.

मग दिवस गेले. अंड्यांस कवच आले, ठणठणीत, आईसाहेब टिचकी मारोन ऐकू लागल्या. सूज उतरू लागली, तुराही तांबूस जाहला. तुराजीराव दुसरा पाय टेकू लागले, परंतु चढणे? ते कोणास दिसेना. आणि अमावास्या उजाडली. खोबरे भाजोन तयार. हर्षदराव जावई नव्या कोऱ्या बुलेटवर आले, मागे नणंदबाई, गाडी पुसत पुसत अंगणात उभी केली आणि म्हणाले, "आई, वास कुठाय? रस्सा चढला नाही अजून?"

आईसाहेब सुरीस धार लावीत होत्या. वृंदाबाईसाहेब खांबामागे, रेवाबाईंचे डोळे हाताने झाकोन. "भाऊजी," त्या म्हणाल्या, "पाच मिनिटं थांबा. फक्त पाच." आणि इतकियात तुराजीराव कोटाबाहेर आले, बुलेटकडे पाहिले, तिचे चकचकीत टाकीत आपलीच छबी दिसली, कोणी दुसरा कोंबडा राज्यात शिरलासे वाटोन मान फुगली, आणि दोन पायांवर उडी घेवोन सीटवर! तेथोन टाकीवर! आणि असे आरवले की खाडीपलीकडील कोंबड्यांनी जबाब दिले. आरवोन जाहल्यावर नव्या सीटवर आपली मोहोरही उमटविली.

"अरे! अरे माझी गाडी!" हर्षदराव ओरडले.

आईसाहेबांनी सुरी खाली ठेविली. "राहू दे हो जावईबापू, पुसून देते. चढला, उभा राहिला, पुरता आरवला. शब्द म्हणजे शब्द. तुमच्यासाठी तिसऱ्या आणल्यायत, चांगल्या दोन टोपल्या. आणि शिंपले ताटाबाहेर टाकू नका, मोजून परत पाहिजेत, बाया वाट बघतायत."

मग पंगत बसली. त्याच खोबऱ्यात तिसऱ्यांचे कालवण शिजले, आणि जावई तीन वेळा मागते जाहले. वृंदाबाईसाहेब वाढीत होत्या, हाका मारीत होत्या, "वन्सं, भात घ्या. आई, तुम्ही बसा ना. भाऊजी, सोलकढी?" आणि आपण उभ्याच. रेवाबाई पाटावर बसोन हे पाहात होत्या. दारात तुराजीराव आले, सांडलेले शीत टिपले, म्हणजे तहाप्रमाणे आता रेवाबाईंची पाळी. घास समोर आला. परंतु रेवाबाईंनी तोंड उघडिले नाही.

रेवाबाईंनी तो घास आईचे हातून काढोन घेतला. मान वरखाली केली. "कुट् कुट् कुट्," म्हणाल्या, आणि बोट दाखविले, ते कोंबड्याकडे नाही, आजीकडे नाही, बाहुलीकडे नाही. "आधी आई."

"मी नंतर खाते हं सोन्या. तू..."

"आधी आई!"

"ऐक तिचं," आईसाहेब म्हणाल्या, आणि आपले शेजारी पाट सरकविला, त्यावर ताट मांडिले, गरम भात वाढिला. "तुझंही ताट वेगळं काढायची गरज नाही. बस सगळ्यांत."

वृंदाबाईसाहेब बसल्या. घास तोंडात घेतला, गिळिला. रेवाबाईंनी गळा निरखोन पाहिला, पुरता खाली गेला की नाही याची खात्री केली, आणि मग आ केला, असा मोठा की आतल्या दाढा दिसल्या. त्यांनी एक, यांनी एक. भात गरम होता, आणि बाईसाहेबांची जीभ पोळली, कारण गरम भाताची सवय मोडली होती.

ऐसे हे वर्तमान. तात्पर्य इतकेच की कोंबडा अंडी देणाऱ्या कोंबड्यांसंगे ठेविला असता सर्वांस एकच साधे खाद्य घालावे, कवचाचा चुरा बाजूस ठेवावा, पाणी स्वच्छ असावे, आणि वाढणारास हाताशी धरोन खाली बसवावे. लिहिणाराने हे लिहितेवेळी जेवण केले होते. हस्ताक्षरास कालवणाचा डाग पडला असल्यास क्षमा असावी.